गिअर अडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात संध्याकाळी माजिवड्याहून गायमुखकडे निघालं की गाडी पहिला, दुसरा, न्यूट्रल, पुन्हा पहिला एवढ्यातच चालते. घोडबंदर रोडवर अशी काही वर्षं काढलेल्या गाडीचा गिअर एक दिवस पडताना अडतो किंवा रिव्हर्स टाकताना 'खर्र' वाजतं. मग पार्किंगमधले सगळे तज्ज्ञ गोळा होतात आणि निकाल लागतो: गिअरबॉक्स गेला. सगळ्यात महाग चूक हीच. तपासणीआधीच निदान करून लोक गाडी गॅरेजला लावतात आणि खर्चाचा आकडा ऐकून येतात.

त्याआधी घरच्या पार्किंगमध्ये एक तपासणी करून पाहा. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा आणि सगळे गिअर एकामागून एक टाकून बघा. एखादा अडलाच तर क्लच सोडून पुन्हा दाबा. कधी कधी दातासमोर दात येतो, तो बिघाड नव्हे. आता इंजिन चालू करा आणि ब्रेकवर पाय ठेवून तेच पुन्हा करा.

इंजिन बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर चालू इंजिनवर अडत असतील, तर संशय क्लचवर घ्यायचा. पेडल दाबूनही क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, पूर्ण सुटत नसते. त्यामुळे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची गती आत आणणारा दांडा) फिरतच राहतो आणि बिचाऱ्या सिंक्रोनायझर रिंगला (गिअर पडताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारं कडं) त्याला आवरता येत नाही. खात्री करायची असेल तर चालू इंजिनवर, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. थांबूनही खर्र वाजलं तर क्लच सुटत नाही. घाईत टाकल्यावरच वाजत असेल, तर गाडीला काही झालेलं नाही.

इथे दुसरी चूक होते: "प्लेट घासली असेल, बदलून टाका." घासलेल्या प्लेटची खूण साधारणपणे वेगळी असते. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, आणि जळका वास येतो. गायमुखच्या घाटात हे लगेच कळतं. गिअर अडण्याची तक्रार मात्र बहुतेकदा क्लच न सुटण्याची असते, आणि त्याची कारणं कधी कधी हसू येईल इतकी साधी असतात. क्लच पेडलखाली सरकलेला जाड फ्लोअर मॅट हे त्यातलं पहिलं. बाजारातून मॅटवर मॅट घालून आणतात आणि पेडल तळापर्यंत जातच नाही!

मॅट काढूनही फरक नाही, तर गाडीचा क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा, ते बघा. केबलचा असेल तर केबल ताणली गेली असेल किंवा पेडलचा फ्री प्ले (क्लच लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) वाढला असेल. ॲडजस्टमेंटचं काम थोडक्यात होतं. हायड्रॉलिक असेल तर पेडल भराभर दोन-तीनदा पंप करून लगेच गिअर टाका. आता सहज पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलकडचा मास्टर अथवा गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. पेडलच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डखाली, बोट फिरवून ओल लागते का पाहा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची फ्लुइडची टाकी एकच असते, त्यामुळे पातळी उतरलेली दिसली तर नुसतं वरून भरून गाडी पळवू नका. इथे प्रश्न फक्त गिअरचा उरत नाही.

इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असतील, तर क्लचवरचा संशय सोडा. मग गिअर लिव्हरच्या केबल, लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दांड्या) आणि त्यांच्या सांध्यांतले बुश तपासायचे. हे बहुतेक काम बाहेरून होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. लिव्हर ढिला, चमच्यासारखा हलत असेल तर बुशवरच संशय.

एकच गिअर त्रास देत असेल, समजा धावत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा टाकतानाच वाजत असेल आणि बाकी सगळं ठीक, तर मात्र सिंक्रोनायझर रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी. न्यूट्रलला क्लच सोडून, हलकी रेस देऊन, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. असा गुपचूप पडला, तर संशय पक्का. पडलेला गिअर आपोआप सुटत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग (त्यांना धरून ठेवणारे आधार) बघायला सांगा. ती ठीक निघाली तरच आतल्या झिजेकडे वळा.

गिअर ऑइलबद्दलही एक ठाम मत. "थंडीने ऑइल घट्ट झालंय" हे कारण ठाण्यात चालत नाही, इथे तशी थंडी पडतच नाही. पण चुकीचं ऑइल खरंच त्रास देतं. मॅन्युअलमध्ये जीएल-४ ही ऑइलची प्रत लिहिली असेल तर "जीएल-५ म्हणजे वरच्या दर्जाचं" म्हणून ते घालू नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रोनायझरला मानवतीलच असं नाही, आणि रिंगला पकड घ्यायला लागणारं घर्षणही कमी होऊ शकतं.

गिअर पडत नाही म्हणून लिव्हरवर जोर करू नका, आत गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क वाकू शकतो. कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी पहिल्यात ठेवून क्लच दाबून बसायची सवय असेल तर ती सोडा. तेवढा वेळ क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग भार सोसत असतं.

गॅरेजमध्ये "गिअरबॉक्स बघा" म्हणू नका. "इंजिन बंद असताना पडतात, चालू असताना अडतात, पंप केल्यावर पडतात" असं सांगा. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलून घ्या आणि क्रँकचा मागचा ऑइल सील तपासायला सांगा. तो गळत असेल तर नवी प्लेटही ऑइलने भिजेल, आणि उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागेल.