लीगच्या कारभाराविरुद्ध दाद कशी मागावी: कोल्हापूरच्या क्रीडाप्रेमींसाठी

इंडियन सुपर लीगचा हंगाम २०२५ मध्ये लांबणीवर पडला, तेव्हा फुटबॉलप्रेमींचा राग दर आठवड्याला वेगळ्या माणसावर निघत होता. कोणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला दोष देत होते, कोणी रिलायन्सच्या कंपनीला, कोणी क्लबच्या मालकांना, तर कोणी थेट न्यायालयाला. राग खरा होता आणि त्याला कारणही होते. परंतु ज्याच्या हातात निर्णय होता त्याच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचला. कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे छत्रपती शाहू स्टेडियमवरील सामन्यासाठी माणसे दुकान लवकर बंद करून येतात, तिथे इतकी आस्था वाया जावी हे मला पटत नाही. म्हणून लीगच्या चालकांकडे दाद कशी मागायची, याची रीत येथे सविस्तर मांडत आहे.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे, ज्या निर्णयाचा त्रास होतो आहे तो नेमका कोणी घेतला हे शोधून काढणे. या बाबतीत अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील लीगचा प्रमुख ‘कमिशनर’ म्हणून ओळखला जातो, आणि खेळाचा तटस्थ राखणदार अशी त्याची प्रतिमा असते. बेसबॉलमध्ये १९१९ च्या अंतिम मालिकेत निकाल विकल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर केनेसॉ माउंटन लँडिस या न्यायाधीशांना पहिले कमिशनर नेमले गेले, तेथून ही प्रतिमा रुजली. प्रत्यक्षात मात्र कमिशनरची नेमणूक संघमालक करतात, त्याचे वेतन तेच ठरवतात आणि त्याला दूरही तेच करू शकतात. आइस हॉकीच्या एनएचएल लीगचे गॅरी बेटमन १९९३ पासून त्या पदावर आहेत. विजेत्यांना स्टॅनले करंडक देण्यासाठी ते मैदानात उतरले की प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवतात आणि हे वर्षानुवर्षे चालू आहे. खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा घालण्याच्या वादात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला, तरी त्यांचे पद टिकले, कारण ती मर्यादा मालकांनाच हवी होती. दिवाणजीवर आवाज चढवल्याने सावकाराचे व्याज कमी होत नाही. हिशेब मागायचा तो सावकाराकडे.

आपल्याकडे ही साखळी प्रत्येक लीगमध्ये वेगळी आहे, त्यामुळे ती आधी समजून घ्यावी लागते. आयपीएल ही भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्पर्धा असून तिचा कारभार मंडळाची गव्हर्निंग कौन्सिल पाहते. प्रो कबड्डी लीग मशाल स्पोर्ट्स ही कंपनी चालवते आणि तेथे काही वर्षे ‘लीग कमिशनर’ हे पद त्याच नावाने होते. महाराष्ट्र प्रीमियर लीग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनची आहे. म्हणून ‘कोल्हापूर टस्कर्स’ हे नाव लावणाऱ्या संघाचे सामने पुण्याजवळच्या गहुंजेत का होतात आणि कोल्हापुरात का होत नाहीत, हा प्रश्न संघाच्या कर्णधाराला किंवा प्रशिक्षकाला विचारण्यात अर्थ नाही. तो असोसिएशनलाच विचारला पाहिजे.

इंडियन सुपर लीगची साखळी सर्वांत गुंतागुंतीची होती आणि म्हणूनच तिचा अभ्यास करण्यासारखा आहे. महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्कांचा १५ वर्षांचा करार केला होता आणि तो ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. लीग चालवणारी फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड ही रिलायन्सची कंपनी, डिसेंबरनंतर आपले हक्क काय राहणार हे स्पष्ट नसल्याने, ११ जुलै २०२५ रोजी हंगाम स्थगित करून मोकळी झाली. दुसऱ्या बाजूला महासंघाच्या घटनेचा (म्हणजे नियमावलीचा) खटला सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि निकालापर्यंत महासंघाचे हात बांधलेले होते. तो निकाल १९ सप्टेंबरला लागला. त्यानंतर काढलेल्या निविदेला नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी, १४ क्लबांसह लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल, अशी घोषणा केली. हा घटनाक्रम समोर ठेवला की जुलैमध्ये प्रश्न कंपनीला आणि महासंघाला, दोघांनाही विचारायला हवा होता, तर नोव्हेंबरमध्ये निविदेच्या अटी कोणी आणि कशा ठरवल्या हे केवळ महासंघाला विचारायला हवे होते, हे लक्षात येते. नाराजीचे पत्र लिहिण्यापूर्वी असा तारखांचा तक्ता एका कागदावर अवश्य करावा. त्यात तारीख, निर्णय आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

त्यानंतर मागणी ठरवावी, आणि ती एकच असावी. ‘कारभार सुधारा’ ही मागणी होऊ शकत नाही, कारण ती मान्य झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. लिव्हरपूल क्लबने २०१६ मध्ये नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. मागणी कोणालाही एका वाक्यात समजत होती आणि ती मान्य करणे मालकांच्या हातात होते. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

केवळ मागणी स्पष्ट असून मात्र भागत नाही. अमेरिकेत ओकलंड शहरातील बेसबॉल संघ लास वेगासला हलवण्याचे मालकाने ठरवले, तेव्हा १३ जून २०२३ रोजी प्रेक्षकांनी बहिष्काराऐवजी उलट मैदान भरून दाखवले. एरवी ओस पडणाऱ्या त्या मैदानात २७,७५९ लोक आले आणि मालकाने संघ विकावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला आणि नोव्हेंबरमध्ये सर्व ३० संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली. त्या प्रेक्षकांची निष्ठा कोणाहून कमी नव्हती. पण त्या ३० मतांपैकी एकावरही त्यांचा अंकुश नव्हता.

याच्या उलट जर्मनीत घडले. तेथील फुटबॉल लीगने प्रसारण हक्कांच्या उत्पन्नातील वाटा एका गुंतवणूकदाराला देण्याचा ठराव डिसेंबर २०२३ मध्ये ३६ पैकी २४ मतांनी मंजूर केला. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला. हे चेंडूंमुळे झाले असे समजणे अर्धवट ठरेल. तेथील बहुतेक क्लबांमध्ये मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे मत देणाऱ्या पदाधिकाऱ्यांना आपल्याच सभासदांना तोंड द्यावे लागत होते.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाने या फरकाचा नीट विचार करावा, कारण स्थानिक फुटबॉलमध्ये आपली स्थिती ओकलंडपेक्षा जर्मनीला जवळची आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ कोणा भांडवलदाराने विकत घेतलेले नाहीत. ते तालमींचे आहेत आणि तालीम पेठेची आहे. म्हणून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगविषयी, म्हणजे वेळापत्रक, तिकीट, गॅलरीतील सोय किंवा पंचांविषयी, तक्रार असेल तर ती प्रथम आपल्या तालमीच्या पदाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि संघाच्या लेटरहेडवर ती असोसिएशनकडे जाईल असे पाहावे. एकट्या प्रेक्षकाच्या पत्रापेक्षा संलग्न संघाच्या पत्राला वजन असते. दोन प्रतिस्पर्धी तालमींनी एकाच मागणीवर सह्या केल्या, तर ते पत्र बाजूला ठेवणे कोणालाही अवघड जाईल. मैदानावरची ईर्ष्या मैदानावर ठेवून असे एकत्र येता येते, असा माझा विश्वास आहे.

पत्र कसे लिहावे, याचा एक नमुना देतो. समजा, पुण्यातील एखाद्या सामन्याची वेळ ऐनवेळी बदलली आणि कोल्हापूरहून निघालेल्या माणसाचा सामना हुकला. मजकूर असा असावा: ‘मी दिनांक अमुक रोजीच्या सामन्याची दोन तिकिटे घेतली होती, पावतीची प्रत सोबत जोडली आहे. सामना सायंकाळी साडेसातऐवजी पाच वाजता सुरू होणार असल्याचा संदेश मला त्याच दिवशी दुपारी चार वाजता मिळाला. संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. त्या वेळी मी साताऱ्याच्या अलीकडे होतो, त्यामुळे सामन्याच्या प्रारंभी पोहोचणे शक्य नव्हते. तिकिटाची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावी, ही विनंती.’ या पत्रात रागाचे एकही विशेषण नाही. कोणाला चोर म्हटलेले नाही, कोणाची बुद्धी काढलेली नाही. जे घडले ते वेळेसह सांगितले आहे, पुरावा जोडला आहे आणि मागणीला मुदत घातली आहे. तिकीट व्यवस्थापन दुसऱ्या कंपनीकडे असेल तर त्या कंपनीलाही प्रत पाठवावी, अन्यथा दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. ईमेलबरोबरच स्पीड पोस्टने पत्र पाठवणे आजही उपयोगी ठरते, कारण पोच हातात राहते.

अशा पत्राला उत्तर आले नाही तर तिकिटाच्या बाबतीत ग्राहक म्हणून दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, म्हणजे पुण्यातील किंवा मुंबईतील सामन्याच्या तिकिटासाठी कोल्हापूरच्या आयोगाकडे जाता येते. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. हा मार्ग पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीपुरता आहे. पंचांचा चुकीचा निर्णय किंवा आपल्या संघाची खराब निवड यासाठी तो नाही.

मैदानावरील निर्णयाबाबत नियम वाचूनच बोलावे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरु येथील इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीच्या सामन्यात बंगळूरु संघाच्या सुनील छेत्रीने फ्री किक झटपट घेऊन गोल केला, पंचांनी तो मान्य केला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. त्यांच्या समर्थकांचा संताप समजण्यासारखा होता. तरी संघावर चार कोटी रुपयांचा दंड बसला आणि निकाल बदलला नाही. इंटर काशी संघाने दुसरा मार्ग धरला. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयानंतर विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे गेले होते. इंटर काशीने स्वित्झर्लंडमधील लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०२५ मध्ये विजेतेपद मिळवले. तो वाद खेळाडूंच्या पात्रतेच्या आणि नोंदणीच्या नियमांचा होता आणि त्यात घोषणांना काहीही स्थान नव्हते.

कारभाराची कागदपत्रे हवी असतील तर माहितीचा अधिकार आहे, मात्र तो सर्वांना लागू होत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या क्रीडा संघटनाच त्या अनुदानापुरत्या या कक्षेत येतात. अनुदान न घेणारे क्रिकेट मंडळ त्यातून बाहेर राहते. खासगी कंपनीने चालवलेल्या लीगलाही थेट अर्ज करता येत नाही, परंतु संबंधित महासंघाने केंद्रीय क्रीडा मंत्रालयाशी केलेला पत्रव्यवहार मंत्रालयाकडे मागता येतो. केंद्राच्या कार्यालयासाठी शुल्क दहा रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते. या अर्जात ‘का’ असा प्रश्न विचारू नये. ‘हंगाम का लांबला?’ याला उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते. ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान लीगच्या आयोजनाबाबत महासंघाकडून आलेल्या सर्व पत्रांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिले तर कागद द्यावे लागतात, आणि ‘का’ याचे उत्तर बहुधा त्या कागदांतच असते.

स्टेडियममधील निषेधाबद्दल मी आग्रहाने सांगतो की तो शांतच असला पाहिजे. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबण्याची वेळ कोल्हापुरावर आलेली आहे. बाटली मैदानात पडली की चर्चा बाटलीची होते, मूळ तक्रार कागदावरच राहते आणि चालकांना हंगाम गुंडाळण्यासाठी सबळ कारण मिळते. एकच मजकूर असलेले फलक, ठरलेल्या मिनिटाला सर्वांनी धरलेले मौन, किंवा ठरावीक वेळेनंतर गॅलरीत प्रवेश, असे प्रकार अधिक प्रभावी ठरतात. त्याच दिवशी सकाळी मागणीचे पत्र सचिवांकडे आणि त्याची प्रत स्थानिक वृत्तपत्रांकडे पोहोचलेली असावी, म्हणजे फलकांचा अर्थ लावण्याची वेळ कोणावर येत नाही.

वेळेचेही भान ठेवावे. हंगाम रंगात आल्यावर नियम सहसा बदलत नाहीत. स्थानिक फुटबॉलचे वेळापत्रक, नोंदणीचे नियम आणि तिकिटांचे दर हंगामापूर्वीच्या बैठकांमध्ये ठरतात, म्हणून तालमीमार्फत द्यायचे पत्र पावसाळ्यात, मैदान बंद असतानाच द्यावे. त्यावर आवक क्रमांक घ्यावा, बैठकीची तारीख विचारून ठेवावी आणि बैठक झाल्यावर आठवडाभरात आपल्या पदाधिकाऱ्याकडून इतिवृत्तात त्या विषयाची नोंद झाली आहे का हे तपासून घ्यावे. नोंद नसेल तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून दुसरे पत्र द्यावे.