लाटेकएमकेची सेटिंग फाइल: या चुका टाळा

लाटेकएमके म्हणजे लाटेक (मजकूर छपाईसाठी मांडणारी प्रणाली) हवं तितक्या फेऱ्या चालवून पीडीएफ काढून देणारं साधन. त्याची लाटेकएमकेआरसी ही फाइल दिसते साध्या सेटिंगच्या यादीसारखी, पण आहे पर्ल भाषेतला प्रोग्रॅम. लोक कुठून तरी चार ओळी उचलतात, चिकटवतात आणि एकदा पीडीएफ आली की त्या फाइलकडे पुन्हा बघत नाहीत. मग वर्षभराने तीच चार ओळींची फाइल आख्खा दिवस खाते. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची.)

नाव चुकलं तरी कुणी बोलत नाही

$पीडीएफ_मोड = ५; म्हणजे झीलाटेक. ४ म्हणजे लुआलाटेक, १ म्हणजे पीडीएफलाटेक. हे तिन्ही पीडीएफ बनवणारे लाटेकचे प्रोग्रॅम. मधला अंडरस्कोर विसरून $पीडीएफमोड लिहिलं, तर पर्ल त्या नावाचं नवंच व्हेरिएबल तयार करतं, त्यात ५ ठेवतं आणि गप्प बसतं. लाटेकएमके त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही.

याची नेहमीची शोकांतिका अशी. देवनागरी मजकुराचा प्रबंध एका मशीनवर बिनतक्रार तयार होतो. तोच फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेला की फाँटस्पेक (फाँट निवडून देणारं पॅकेज) सुरुवातीलाच अडून बसतं: झीटेक किंवा लुआटेक हवं. मग फाँट पुन्हा टाकले जातात, पॅकेजेस अपडेट होतात, शेवटी आख्खं टेकलाइव्ह (लाटेकचा पूर्ण संच) काढून नव्याने बसवलं जातं. एरर तीच. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये अंडरस्कोर पहिल्या दिवसापासून नव्हताच. पहिल्या मशीनच्या होम फोल्डरमधल्या .लाटेकएमकेआरसीमध्ये कधीकाळी बरोबर लिहिलेला ५ होता आणि तो ही चूक झाकत होता. दुसरीकडे ती फाइल नाही, म्हणून डिफॉल्ट लागू झाला. तो म्हणजे साधा लाटेक आणि त्याची डीव्हीआय फाइल, पीडीएफसुद्धा नाही.

वाचण्याचा क्रम आधी सिस्टिमची फाइल, मग होममधली, मग ज्या फोल्डरमधून कमांड चालवली तिथली, आणि सर्वांत शेवटी कमांड लाइन, असा आहे. शेवटचा जिंकतो. त्यामुळे तुमचा एडिटर गुपचूप -पीडीएफ हा पर्याय जोडत असेल, तर फाइलमधला ५ गेला आणि पीडीएफलाटेक चाललं. प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तो एकदा -नोआरसी -आर लाटेकएमकेआरसी असा चालवून बघावा. यात होमची फाइल बाजूला राहते आणि प्रोजेक्टची फाइल स्वतःच्या पायावर उभी आहे का, ते मिनिटात कळतं. टेकलाइव्ह पुन्हा बसवणं हा उपाय नाही, ती चिडचिड आहे.

लाटेकची सवय पर्लमध्ये

कॉमेंटसाठी % टाकू नका, # टाका. ओळ संपली की अर्धविराम हवाच. विसरलात तर एरर बहुधा पुढच्या ओळीवर दाखवली जाते, तेव्हा एक ओळ वरही बघा. कमांड एकेरी अवतरणांत लिहा. दुहेरीत पर्ल $ आणि @ ही चिन्हं व्हेरिएबल समजून उलगडतं, आणि विंडोजचा पाथ लिहिला असेल तर बॅकस्लॅशनंतर टी आला की टॅब, एन आला की नवी ओळ. पाथमध्ये सरळ पुढे झुकलेला स्लॅश वापरावा.

%ओ गाळणं

$पीडीएफलाटेक = 'पीडीएफलाटेक %एस'; ही ओळ बरोबर दिसते. यात %एस ही मूळ फाइलच्या नावाची जागा, %ओ ही पर्यायांची. पण %ओ नसल्यामुळे लाटेकएमकेने स्वतः द्यायचे पर्याय पोचतच नाहीत. त्यात -रेकॉर्डर असतो, ज्याच्यावरून कोणत्या फाइल वाचल्या गेल्या ते कळतं. आउटपुट फोल्डरचं नावही त्यातच जातं. परिणाम: $आउट_डिर 'बिल्ड' ठेवलंय, पीडीएफ मात्र बिल्डच्या बाहेर पडलीय, आणि लाटेकएमके ती बिल्डमध्ये शोधतंय. गंमत म्हणजे %ची एकही खूण नसेल तर लाटेकएमके स्वतःच योग्य ते जोडून घेतं. अर्धवट लिहिलंत तरच फसता. %ओ %एस ही जोडी कायम एकत्र ठेवा.

$फोर्स_मोड = १

हा आरसी फाइलमध्ये दिसला की ती चिकटवणाऱ्याची घाई दिसते. नवशिक्याला टर्मिनलवर प्रश्नचिन्ह येऊन थांबलेलं आवडत नाही, म्हणून तो फोर्स लावतो. पण ते थांबणं घालवायचं काम -इंटरॅक्शन=नॉनस्टॉपमोडचं. फोर्सचा अर्थ वेगळा: चूक सापडली तरी पुढचे प्रोग्रॅम आणि पुढच्या फेऱ्या चालू ठेव. दोन्ही एकत्र लावले की चित्राची फाइल नसली तरी पीडीएफ बनते, चित्राची जागा रिकामी, आणि खरी एरर टर्मिनलवर पुढच्या फेऱ्यांच्या ढिगाखाली जाते. अंतिम प्रत काढताना नॉनस्टॉपमोडसोबत -हॉल्ट-ऑन-एरर द्या. पीडीएफ मिळणार नाही, पण चूक लॉगच्या शेवटाशीच सापडेल.

बाकीच्या, थोडक्यात

@डिफॉल्ट_फाइल्स दिलं नाही तर फोल्डरमधली प्रत्येक टेक फाइल चालवली जाते, प्रकरणांचे तुकडेसुद्धा.

सतत प्रीव्ह्यूचं सेटिंग होमच्या फाइलमध्ये नको. स्क्रिप्टमधला बिल्ड संपतच नाही.

-शेल-एस्केपही तिथे नको. उतरवून घेतलेली कोणतीही टेक फाइल मग तुमच्या मशीनवर कमांड चालवू शकते. ज्या प्रोजेक्टला लागतं त्याच्याच फाइलमध्ये द्या.

शब्दसूचीसाठी ॲड_कस_डेप (स्वतःचा नियम जोडण्याची सोय) वापरताना एक्स्टेन्शनआधी टिंब नाही. आणि त्या नियमासाठी लिहिलेल्या फंक्शनच्या शेवटी तपासणीसाठी प्रिंट टाकू नका: पर्ल शेवटच्या ओळीची किंमत परत देतं, प्रिंट १ देतं, लाटेकएमकेला यशासाठी ० हवा असतो.

$मॅक्स_रिपीट (जास्तीत जास्त किती फेऱ्या) ५चा २० करून संदर्भ जुळत नाहीत. दर फेरीला बदलणारी फाइल कोणती, ते शोधा.

$बिबटेक्स_यूझ = २ असताना -सी ने साफसफाई केली की बीबीएल फाइल, म्हणजे तयार झालेली संदर्भसूची, जाते. संदर्भांच्या नोंदींची मूळ बिब फाइल हाताशी नसेल, तर संदर्भसूची गेली. अशा वेळी १.५ ठेवा, बिब फाइल असेल तरच बीबीएल पुसली जाते.