पिल्ले उतरवून घेताना बेंबी पाहावी

गेल्या पौषात खटाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कोंबडीची 300 पिल्ले घेऊन टेम्पो रात्री अकरा वाजता पोहोचला. थंडी कडाक्याची होती, त्यामुळे घाईघाईने मोजणी करून आम्ही खोकी सरळ ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली, रिकामी केली. एकही पिल्लू उलटे करून पाहिले नाही. चौथ्या दिवसापर्यंत 47 पिल्ले मेली. त्यांतली बरीचशी मला पहिल्याच रात्री ओळखता आली असती, म्हणून पुढच्या खेपेसाठी केलेली ही तयारी इथे लिहून ठेवतो आहे.

पाण्याची भांडी, खाद्याची ताटे आणि पिल्लांभोवती गोल उभा करायचा चिक गार्डचा पत्रा यांबद्दल वेगळे सांगायला नको. ब्रूडर मात्र थंडीच्या दिवसांत पिल्ले येण्याआधी 24 तास चालू करावा, कारण नुसती हवा तापून उपयोग नसतो, खालचे तूसही तापावे लागते. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही आणि गार जमीन पायांवाटे ती ओढून घेते. तापमापक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगावा. पहिल्या आठवड्यात तिथे 95 अंश फॅरनहाइट हवे. रात्री लोडशेडिंगची वेळ आहे का, हे आधीच विचारून ठेवावे. तुसावर वर्तमानपत्र अंथरायचे असेल तर गुळगुळीत कागद टाळावा, त्यावर घसरून पिल्लांचे पाय फाकतात.

उतरवून घेताना एक माणूस मोजणीला आणि एक तपासणीला हवाच, आणि तपासणाऱ्याच्या डोक्यावर बॅटरी असावी. डोळे चमकदार, लव कोरडी, चोच सरळ, हे एका नजरेत कळते. पिल्लू उताणे ठेवल्यावर तीनएक सेकंदांत आपणहून उभे राहिले पाहिजे. पायांचे घोटे लालसर असतील तर ते अंड्यातून बाहेर पडताना फार झगडलेले असते.

यानंतर बेंबी. पिल्लू डाव्या तळहातावर उताणे घ्यावे, मान दोन बोटांत हलकेच धरावी आणि उजव्या अंगठ्याने गुदद्वाराच्या किंचित वरची लव बाजूला सारावी. निरोगी बेंबी शोधावी लागते, इतकी ती कातडीत मिटून गेलेली असते. तिथे काळी खपली, ओलसरपणा, बाहेर लोंबणारा वाळका दोरा किंवा लाली दिसली, किंवा पोट फुगून कणकेसारखे लागले, तर ते पिल्लू वेगळ्या खोक्यात ठेवावे. दोरा ओढून तोडू नये. तालुक्याच्या डॉक्टरांनी आमचे एक मेलेले पिल्लू फाडून दाखवले, तेव्हा चार दिवसांनंतरही त्याच्या पोटात हिरवट, पातळ आणि कुजका वास येणारा बलक तसाच होता. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर काढू शकते. बेंबी नीट मिटली नाही तर त्याच वाटेने जंतू आत शिरतात आणि तोच बलक नासतो. एकदा तो नासला की औषधाने फारशी पिल्ले हाती लागत नाहीत, म्हणून बेंबी पहिल्याच रात्री पाहायची. एका पिल्लाला पाच सेकंद धरले तरी 300 पिल्लांना 25 मिनिटे लागतात. थंडी असली तरी ती द्यावीत, फक्त काम ब्रूडरच्या उबेत बसून करावे. खोक्यातली चार-दोन पिल्ले नमुन्यादाखल पाहून भागत नाही, प्रत्येकाची बेंबी पाहावी. एकाच खोक्यात अशी पिल्ले जास्त निघाली तर टेम्पोवाला निघून जाण्याआधी फोटो काढून हॅचरीला, म्हणजे पिल्ले उबवून विकणाऱ्यांना, कळवावे. मी पाचव्या दिवशी कळवले, तेव्हा दोष ब्रूडरवर ढकलला गेला आणि माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हते.

मग प्रत्येक पिल्लाची चोच एकदा गुळाच्या पाण्यात बुडवून सोडावे आणि दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा कागदावर पसरावा. तासाभराने पिल्ले कशी बसली आहेत ते पाहावे. बल्बखाली गठ्ठा म्हणजे थंडी, कडेला पांगून चोची उघड्या म्हणजे उष्णता. एखाद्याचे पाय आपल्या गालाला लावावेत. गार लागले तर तूस तापलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. ती मऊ आणि भरलेली हवी. रिकामी असेल तर पिल्लाला खाद्य सापडलेले नाही, कडक असेल तर पाणी. गुदद्वाराला विष्ठा चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढावी. वेगळ्या ठेवलेल्या पिल्लांची बेंबी पुन्हा पाहावी, आणि कळपातल्या सुस्त, पंख पाडून बसलेल्या पिल्लांचीही.

मेलेली पिल्ले रोज मोजून लिहावीत. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस, चौदाव्याच्या सुमारास गंबोरो रोगाची; दोन्ही लसी डॉक्टरांना विचारून द्याव्यात आणि बर्फात आणाव्यात. ब्रूडरचे तापमान दर आठवड्याला पाच अंशांनी उतरवावे.