मारुती ८०० ची रेस उतरत नसेल तर

कासहून परतताना यवतेश्वरचा घाट उतरत होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एक्सलरेटरवरचा पाय काढलेला, तरी ती पुढे ओढतच होती. एरवी या उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं. त्या दिवशी सगळा भार ब्रेकवर आला आणि खाली पोचेपर्यंत चाकांना जळका वास येत होता. न्यूट्रल केलं तर इंजिन कुणीतरी पाय ठेवल्यासारखं ओरडत राहिलं. पेट्रोल जास्त जातं ते जातंच, पण मला भीती वाटली ती घाटाची. म्हणून सांगते, रेस चढलेली गाडी, म्हणजे पाय काढूनही जिचं इंजिन जोरात फिरत राहतं ती, ‘चालतेय ना’ म्हणून तशीच वापरू नका.

आमची ८०० आहे १९९६ ची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), थंड इंजिन सुरू करायला डॅशबोर्डवर हाताने ओढायचा चोक असलेली. अण्णांनी २००३ साली जुनी घेतली. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, त्यामुळे या गाडीची प्रत्येक दुरुस्ती एका दोनशे पानी वहीत लिहिलेली आहे. त्या दिवशी मात्र घाईत मी वाटेतल्या एका गॅरेजमध्ये थांबले. तिथे दोन मिनिटांत आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग ठरवणारा, स्क्रू दीड फेरा मागे घेतला आणि रेस उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी उभ्या जागी टिकेना, आणि आठ दिवसांत रेस पुन्हा चढली. स्क्रूने आजार झाकला होता, बरा केला नव्हता.

इंजिन नुसतं उभं असतं तेव्हा कार्बोरेटरमधली, एक्सलरेटरने उघडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि तिच्याखाली जोरदार ओढ तयार होते. अशा वेळी रेस चढली, तर एक तर झडप पूर्ण बंद होत नाहीये, नाहीतर झडपेला वळसा घालून हवा दुसरीकडून आत शिरते आहे. एवढं पक्कं धरून शोध घ्या. तिसरी शक्यता टायमिंगची, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याच्या वेळेची. तिच्याकडे शेवटी येऊ.

गाडी सपाट आणि मोकळ्या जागी लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला. ओढणी काढून ठेवा, केस बांधा. रेडिएटरचा पंखा विजेचा आहे, तो मनाला येईल तेव्हा सुरू होतो. इंजिन गरम होऊन पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत थांबा. थंड इंजिनवर काढलेला निष्कर्ष मी धरत नाही. एसी, दिवे, ब्लोअर सगळं बंद हवं.

आता रेस नेमकी किती आहे? ८०० ला आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) काटा नाही. मी मोटारसायकलच्या दुकानातून तार गुंडाळायचं छोटं मीटर आणलं. त्याची तार एका प्लगच्या वायरीभोवती चार-पाच वेढे गुंडाळायची आणि सेटिंग ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’ असं ठेवायचं, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमुळे एका प्लगला तेवढीच ठिणगी मिळते. सेटिंग ‘एका फेरीला एक’ असं राहिलं तर मीटर निम्मा आकडा दाखवतं आणि माणूस उगाच रेस वाढवत बसतो. आमच्या गाडीचा आकडा ९०० च्या आसपास हवा. तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली स्टिकर शाबूत असेल तर त्यावरचा आकडा धरा. रेस पुन्हा चढली तेव्हा मीटरने १६५० दाखवले.

सर्वांत आधी पायाखाली बघा. दुहेरी मॅट घातलेल्या गाड्यांत पेडल मॅटला अडकतं. मग बॉनेट उघडून कार्बोरेटरवरची एक्सलरेटर केबल बोटाने दाबा, तिला थोडा झोल हवा. ताठ असेल तर इंजिन बंद करून केबल लिव्हरवरून काढा आणि परत सुरू करा. रेस उतरली तर दोष केबलचा किंवा पेडलचा. गंजलेली केबल तेलाने महिनाभर चालते, पण ती बदललेलीच बरी. रिटर्न स्प्रिंगही बघा. लिव्हर हाताने उघडून सोडला की तो टक्‌ असा आवाज करून बसला पाहिजे. हळूहळू रेंगाळत आला तर कार्ब क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन सांधे धुवा.

मग चोक. डॅशबोर्डवरचं बटण आत गेलं म्हणजे चोक सुटला असं नाही. ८०० मध्ये चोक ओढला की त्याच्यासोबत थ्रॉटलही थोडा उघडतो. केबलचं आवरण क्लिपमधून सरकलं असेल तर बटण पूर्ण आत जाऊनही खालचा लिव्हर अर्ध्यावर राहतो. एअर फिल्टर काढून चोकची पट्टी डोळ्यांनी बघा, ती सरळ उभी हवी. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि मी तरी हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

एसी असलेल्या गाडीत कार्बोरेटरजवळ एक चपटी डबी असते. एसी लावला की व्हॅक्यूम मिळून ती थ्रॉटल किंचित ढकलते, म्हणजे इंजिन दबत नाही. तिचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर एसी बंद असतानाही रेस चढलेली राहते. डबीचा पाइप काढा, पाइपचं तोंड बोटाने बंद करा. रेस उतरली तर चोर सापडला.

माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. केबल मोकळी, चोक उभा, एसीची डबी शांत. स्क्रू पूर्ण मागे घेतला तरी मीटर १४०० च्या खाली येईना. इथे अण्णांच्या वहीतली २००९ सालची एक ओळ कामाला आली: “स्क्रू ऐकत नाही म्हणजे हवा बाहेरून.”

ही बाहेरची हवा शोधायला वेळ द्या. अर्धा मीटर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाला लावा आणि दुसरं कार्बोरेटर व मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणारी नळी) सांध्यांवरून हळूहळू फिरवा. गळती असेल तिथे सूं असा बारीक आवाज येतो. मग कपड्यांना इस्त्री करताना वापरायची पाण्याची फवारणी घ्या आणि एकेका सांध्यावर थोडं पाणी मारा. पाण्याने फट क्षणभर बुजली की इंजिनाचा आवाज बदलतो. पुष्कळ मेकॅनिक इथे कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. तापलेल्या इंजिनावर ते भडकू शकतं, म्हणून मी पाणीच वापरते. फक्त डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर ते उडू देऊ नका.

पाइप एकेक करून तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमचा, इंजिनच्या वाफेचा, आणि ब्रेकला बूस्टर असेल तर त्याचा. जुना रबर बाहेरून चांगला दिसतो, वाकवला की चिरा उघडतात. डिस्ट्रिब्युटरचा पाइप त्याच्या डबीवर तसाच ठेवून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा धड आहे.

माझ्याकडे आवाज बदलला तो कार्बोरेटरच्या बुडाशी, मागच्या बाजूला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो आणि त्याच्या वर-खाली पॅकिंग. मागचा नट बोटाने फिरत होता आणि त्याखालचं पॅकिंग करपून तुटलं होतं. नट नुसता आवळला असता तर काही दिवस भागलं असतं. मी कार्बोरेटर उतरवला. इंजिन थंड करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, पेट्रोलचा पाइप बंद करून. उघड्या मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, वायसर आत पडला तर पूर्ण मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. कार्बोरेटरच्या बुडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधून प्रकाश दिसला तर बूड वाकलंय, लेथवाल्याकडे न्या. सीलंट फासू नका, पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडे आत ओढले जातात. दोन्ही पॅकिंग नवी घाला आणि नट आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एकच बाजू जोराने आवळल्यानेच बूड वाकतं.

पॅकिंग धड असूनही पाण्याला प्रतिसाद येत असेल तर थ्रॉटलचा लिव्हर वर-खाली हलवून बघा. शाफ्टच्या भोकातच झोल असेल तर हवा तिथून जाते. तिथे बुश बसवावा लागतो किंवा कार्बोरेटर बदलावा लागतो. घरी होणारं काम नाही.

टायमिंग फार पुढे गेलं तरी रेस चढते. अलीकडे कुणी डिस्ट्रिब्युटर काढला होता का, किंवा व्हॅक्यूमचा पाइप चुकीच्या तोंडाला जोडला का, हे आठवा. डिस्ट्रिब्युटर अंदाजाने फिरवू नका, टायमिंग लाइट असलेल्याकडेच जा. आणि तुमची ८०० नंतरची, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडलचा व्हॉल्व्ह आणि तापमानाचा सेन्सर आधी बघा. सेन्सरने इंजिन थंड असल्याचं सांगितलं की संगणक स्वतःच रेस वाढवतो.

दोष गेला की मगच स्क्रू. हात लावण्यापूर्वी त्याच्या खाचेवर नेलपॉलिशची खूण करा आणि प्रत्येक पाव फेरा वहीत लिहा. एअर फिल्टर परत बसवून, इंजिन गरम असताना रेस ९०० वर आणायची. मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू फिरवून इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तिथे थांबायचं, आणि रेस परत तपासायची. शेवटी पीयूसी केंद्रावर यंत्राचा आकडा बघा. आमच्या गाडीच्या वयाला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

गॅरेजने दीड फेरा मागे घेतलेला स्क्रू मला सव्वा फेरा परत पुढे आणावा लागला. सकाळी थंड गाडी चोकवर उठली, पंखा फिरून थांबल्यावर मीटर ९१० वर होतं. दुपारी मी यवतेश्वरपर्यंत गेले आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. वहीत लिहिलं: “कार्बोरेटर बूड पॅकिंग २ नग, मागचा नट ढिला. इंजिन धरतं.”