पॉलिश केलेल्या फर्निचरचा रंग बदलायचाय? आधी हे बघा

जुन्या पॉलिशवर डायरेक्ट वूड स्टेन (लाकडात मुरून त्याला रंग देणारं द्रावण) मारू नका, तो लाकडात मुरतच नाही, वरच्या वर चिकट राहतो आणि डाग पडतात. आधी पाण्याचा थेंब टाकून बघा, थेंब तसाच गोल उभा राहिला तर फिनिश, म्हणजे जुन्या पॉलिशचा थर, अजून शाबूत आहे, म्हणजे घासावं लागणारच. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग १८० किंवा २२०, आणि कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा, आडवं घासलं की ते ओरखडे स्टेन लावल्यावर अजूनच उठून दिसतात. तोंडाला मास्क हवाच. प्लायवर व्हिनियर (खऱ्या लाकडाचा चिकटवलेला पातळ थर) असेल तर घासायचं मशीन अजिबात नको, थर इतका पातळ असतो की क्षणात आतलं प्लाय दिसायला लागतं.

फिकटचं गडद करणं सोपं, गडदचं फिकट करणं खरंच अवघड, त्यापेक्षा हलकं घासून प्रायमर आणि पेंट मारा.

शेड आधी खालच्या न दिसणाऱ्या बाजूला लावून बघा. स्टेन लावल्यावर जास्तीचा लगेच पुसा, पूर्ण सुकला की मगच वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक पॉलिशचा हात. आणि ऑइल स्टेनची फडकी चुरगळून टाकू नका प्लीज, आपोआप पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा.