लेकरू रडत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. १९०० ग्रॅमचं लेकरू दवाखान्यातून घरी येतं आणि आजी कौतुकानं सांगते, "लई गुणाचं आहे, रडतच नाही." माझ्या पोटात तिथंच गोळा येतो. अडीच किलोच्या आतल्या लेकरात बऱ्याचदा भुकेनं रडायचीही ताकद नसते. म्हणून रडायची वाट बघायची नाही. दर दोन तासांनी उठवायचं, रात्रीसुद्धा. दुपट्यातून मोकळं करा, तळपाय हळूच चोळा, मग छातीला लावा.

ओढता ओढता दमून झोपलं, तर हातानं वाटीत दूध काढा. वाटी-चमचा आधी उकळून घेतलेला हवा. लेकराचं डोकं जरा उंच धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि गालाच्या कडेनं थेंब थेंब जाऊ द्या. गळ्याकडं बघत राहा. घोट उतरला, मगच पुढचा थेंब. घाई केली की ठसका लागतो. बाटली नकोच. पहिला पिवळसर चीक पिळून फेकू नका. मध, गुटी, साखरपाणी काही नाही. मे महिन्यातही वरचं पाणी नाही, ते आईच्या दुधातच असतं.

प्यालेलं अंगी लागायला ऊब लागते, नाहीतर सगळी ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते. टोपडं, मोजे, लंगोट एवढंच ठेवून लेकरू आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, वरून ओढणीनं बांधा. दिवसाचे निदान आठ तास, जास्त झाले तर उत्तमच. बापही चालतो. गेल्या हिवाळ्यात एका बापानं सदऱ्याची बटणं सोडून लेकराला असं दोन-दोन तास धरलं, तेव्हा कुठं बाळंतिणीला सलग झोप मिळाली.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यावं, पुढं रोज २०-३० ग्रॅम वाढावं. मी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी काटा घेऊन येते. काट्याच्या झोळीत घालताना कपडे काढूनच द्या. ड जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब कधी, किती, ते डॉक्टरांनाच विचारा.

दूध ओढेना, छातीवर धरूनही तळपाय गार, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. १०८ लावा, आणि गाडीतही लेकरू छातीवरच बांधून न्या.