बाबांच्या सीडी संगणकावर घेताना

ग्वाल्हेरच्या घरी बाबांच्या शंभरेक सीडी, बहुतेक ख्यालाच्या. आधी एमपीथ्री केल्या, पण संथ विलंबितातून जलद द्रुतात जाताना ट्रॅक बदलला की ठेका क्षणभर तुटायचा. मला ते सहनच होईना. एमपीथ्री करताना ट्रॅकच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरली जाते, म्हणून तसं होतं. मग सगळ्या एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवायच्या सॉफ्टवेअरच्या सिक्युअर मोडमध्ये (यात प्रत्येक भाग पुन्हा वाचून पडताळला जातो), फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, पुन्हा काढल्या. सीडीचंच माप, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, जसंच्या तसं; जागा मूळच्या साधारण निम्मी. ओरखडेवाल्या सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसल्या, गोल नाही. एकीला उतरवायला दोन तास लागले, पण मालकंस अखंड मिळाला! राग-तालाची नावं मात्र आईला विचारून हातानंच भरली.